एक घोटा, तीन तारखा

नीरा डाव्या कालव्यावर उभा असलेला ऊस आणि उजनीच्या फुगवट्यालगतची काळी रानं यांमुळे बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याचं निम्मं चालणं सपाट जमिनीवर होतच नाही. ते बांधावरून, सरीतून, पाटाच्या कडेनं होतं. शेतीची वीज रात्रपाळीला आली की दारं धरायला निघालेला माणूस बॅटरीच्या उजेडात ओल्या बांधावर पाय टाकतो, पाऊल आत वळतं, अंगाचा भार बाहेर जातो आणि घोटा मोडतो. दुचाकी घसरून किंवा न्हाणीच्या ओल्या फरशीवर पडूनही हेच होतं. मोडलेला घोटा बसवण्याची सोय आता लांब राहिलेली नाही. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, 2019 साली सुरू झालेलं आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. खरा प्रश्न प्लॅस्टर निघाल्यानंतर सुरू होतो आणि त्यावर गावोगाव दोन मतं ऐकू येतात. पूर्ण बरं वाटेपर्यंत पाय जपावा, हे एक. पाय हलवल्याशिवाय तो बरा होणारच नाही, हे दुसरं. ही दोन मतं इथे तात्या आणि ताई या नावांनी समोरासमोर बसवली आहेत. तात्या हे निमगाव केतकीकडचे ऊस आणि डाळिंब करणारे जुनेजाणते शेतकरी, तर ताई फिजिओथेरपी शिकून याच भागात काम करणारी. दोघंही कल्पित आहेत, मतं मात्र खरी आहेत. माझा कल ताईंकडे आहे. पण तात्यांच्या हरकतींना पुरेपूर जागा दिल्याशिवाय ताईंचं म्हणणं सिद्ध होत नाही, म्हणून सुरुवात तात्यांपासून.

तात्या : ताई, सरळ विचारतो. डॉक्टरनं दीड महिना प्लॅस्टर ठेवलं, मग काढलं, फोटो काढला आणि हाड जुळलं म्हणून सांगितलं. मग पाय टेकला की कळ का येते? सांजच्याला घोटा असा सुजतो की चप्पल चढत नाही, ते का? आमची जुनी माणसं सांगायची, दुखतंय त्याला गप ठेवावं. अंगच सांगतंय की अजून आराम पाहिजे. घरात पोरगा आहे, सून आहे, आणखी दोन-तीन महिने खाटेवर काढले तर काय बिघडणार आहे? उलट घाई करून परत पडलो, तर जुळलेलं हाड पुन्हा मोडायचं आणि सगळा खर्च पुन्हा करायचा. तुम्ही लोक पाय हलवा, पाय हलवा म्हणता, त्याची आम्हाला भीती वाटते ती उगाच नाही.

ताई : तात्या, भीती उगाच नाही, हे मला मान्य आहे. पण हाड जुळणं आणि पाय परत कामाला येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घोट्यात नडगीचं हाड आणि बाहेरच्या बाजूचं बारीक हाड मिळून एक चौकट तयार होते आणि तिच्यात खालचं टॅलस नावाचं हाड अगदी घट्ट बसतं. हे बसणं किती नेमकं असतं, ते 1976 सालच्या रॅम्से आणि हॅमिल्टन यांच्या अभ्यासात दिसलं. टॅलस फक्त 1 मिलिमीटर बाहेर सरकलं, तरी दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकण्याची जागा 42 टक्क्यांनी घटते. म्हणून सुरुवातीला हाड जागेवर बसवणं आणि ते तिथंच धरून ठेवणं याला तोड नाही. तेवढ्या काळापुरतं तुमचं आरामाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण त्या दीड महिन्यात हाडाबरोबर बाकी सगळंही थांबलेलं असतं. सांध्याभोवतीचं आवरण आखडतं, पोटरी बारीक होते, तोल सांभाळणाऱ्या नसांची सवय मोडते. सांध्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. ओला स्पंज दाबून सोडला की पाणी आत-बाहेर होतं, तसं दाब आणि हालचाल यांतूनच तिला पोषण मिळतं. सूज येते, कारण पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरी करते आणि ती अजून दुबळी आहे. ही सूज कित्येकांना काही महिने राहते. ती दिसली म्हणजे हाड जुळलं नाही, असा अर्थ निघत नाही. तुम्ही आणखी तीन महिने खाट धरलीत, तर ज्या कारणांनी आज कळ येते ती सगळी कारणं तीन महिन्यांनी जास्त पक्की झालेली असतील.

तात्या : हे झालं पुस्तकातलं. पण लवकर पाय टेकलेल्या माणसाचं नुकसान झालं नाही, हे कुणी मोजून बघितलंय का? का नुसतंच सांगायचं?

ताई : मोजलंय आणि अलीकडेच मोजलंय. ब्रिटनमध्ये घोट्याची शस्त्रक्रिया झालेल्या 561 जणांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले. एका गटानं दोन आठवड्यांनी पायावर भार द्यायला सुरुवात केली, दुसऱ्यानं सहा आठवड्यांनी. 2024 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला की लवकर भार देणारे चार महिन्यांनंतर मागे राहिले नव्हते. त्याआधी 2021 साली ‘बीएमजे’मध्ये 669 जणांचा अभ्यास आला होता. त्यात काहींना पक्कं प्लॅस्टर होतं, तर काहींना काढता-घालता येणारा बूट, ज्यात मधूनमधून घोटा हलवता येतो. सोळा आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच होते. यातून मी एवढंच म्हणते की योग्य माणसात, योग्य वेळी, सांगितल्याप्रमाणे दिलेला भार हाडाचं वाटोळं करत नाही. ‘योग्य माणूस’ हे शब्द मात्र सोडू नका. ज्याची जोडणी भक्कम नाही, ज्याचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं, ज्याला जुना मधुमेह आहे आणि तळपायाला चटकाही कळत नाही, त्याला हा हिशेब लावायचा नाही. त्याचा निर्णय त्याचा फोटो पाहिलेल्या सर्जननंच घ्यायचा.

तात्या : तिकडच्या माणसाचं वेगळं असतं हो. तो बूट घालून फरशीवर चालणार, खुर्चीवर बसणार, कमोड वापरणार. आमच्याकडं धार काढायला चवड्यावर बसायचं, खुरपायला बसायचं, काळ्या रानात पाय रुतला की ओढून काढायचा. त्याचं बरं होणं आणि आमचं बरं होणं एक कसं? आणि दुसरं सांगतो, आमच्या हाडवैद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कांबी बांधून आणि लेप लावून माणसं उभी केली. त्यांनी कुठं व्यायाम सांगितले होते?

ताई : तुमची पहिली हरकत मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण ती आरामाच्या बाजूनं जातच नाही, ती हालचालीच्या बाजूनं जाते. सपाट जमिनीवर चालायला पाऊल नडगीकडे साधारण 10 अंश वळलं तरी भागतं. टाच टेकवून पूर्ण उकिडवं बसायला मात्र 30 अंशांहून जास्त वळावं लागतं. म्हणजे लंडनच्या माणसाचा घोटा थोडा आखडलेला राहिला तरी त्याचा दिवस निभावतो, आपल्या माणसाचा नाही. त्याची धार काढणं थांबतं, खुरपणं थांबतं, पंक्तीत जेवायला बसणं थांबतं, शौचालयाची पंचाईत होते आणि चढाच्या बांधावर टाच वर उचलली गेली की तोल जातो. आपल्याकडची जमीन आणि बसण्याची पद्धत घोट्याकडून जास्त मागते. म्हणून आपल्याकडे हालचाल परत मिळवण्याकडे दुर्लक्ष करणं जास्त महागात पडतं.

हाडवैद्यांबद्दलही मी हेटाळणीनं बोलणार नाही. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलमध्ये ह्यू ओवेन थॉमस नावाचे मोठे अस्थितज्ज्ञ होऊन गेले. ते वेल्समधल्या हाडवैद्यांच्या घराण्यातलेच. मोडलेल्या आणि आजारी सांध्याला अखंड, दीर्घ आराम द्यावा, यावर त्यांचा फार भर. त्याच काळात पॅरिसमध्ये ल्युका-शाँपियोनिएर हे शल्यविशारद उलट सांगत होते की हाड मोडलं तरी सांधा लवकर हलवावा, चोळावा, नाहीतर तो कायमचा जातो. तुमचं-माझं हे भांडण सव्वाशे वर्षांहून जुनं आहे. ते मिटायला मदत झाली ती 1958 साली स्वित्झर्लंडमध्ये एकत्र आलेल्या सर्जनांच्या गटामुळे. त्यांनी प्लेट आणि स्क्रू वापरून हाड इतकं घट्ट धरायची पद्धत बसवली की हाडाला आराम आणि सांध्याला हालचाल एकाच वेळी देता यावी. प्लेट टाकूनही तीन महिने पाय गादीवर ठेवला, तर ज्यासाठी प्लेट टाकली त्यातला निम्मा हेतूच वाया जातो. हाडवैद्याच्या कांबीनं साधं, न सरकलेलं हाड जुळत असेलही. पण घोट्यात एका मिलिमीटरचा फरक बोटांना लागत नाही, त्याला फोटोच लागतो. आणि पट्टी घट्ट बसून बोटं काळी पडली, तर हाडाच्या आधी पाय जातो.

तात्या : बरं, हलवायचं कसं ते तरी सांगा. नुसतं हलवा म्हटल्यावर माणूस एकतर काहीच करत नाही, नाहीतर एका दिवसात सगळं करायला जातो.

ताई : यासाठी घरातल्या वस्तू पुरतात. डॉक्टरांनी घोटा हलवायला परवानगी दिली की पाय लांब करून बसायचं आणि अंगठ्यानं हवेत बाराखडी काढायची, म्हणजे घोटा चारही बाजूंना फिरतो. मग पंचा चवड्याखालून घेऊन दोन्ही टोकं हातात धरायची, गुडघा सरळ ठेवून पाऊल आपल्याकडे ओढायचं, पोटरीला ताण लागला की थोडा वेळ धरायचं आणि सोडायचं. भार द्यायची परवानगी मिळाली की भिंतीसमोर उभं राहायचं, मोडलेला पाय पुढे, टाच जमिनीला घट्ट, आणि गुडघा भिंतीला लावायचा प्रयत्न करायचा. अंगठा आणि भिंत यांत किती बोटं अंतर ठेवून गुडघा टेकतो, ते चांगल्या पायाशी ताडून बघायचं. चांगल्या पायानं चार बोटं जमत असतील आणि या पायानं एकच, तर किती काम बाकी आहे ते तुम्हाला स्वतःला कळतं, कुणाला विचारावं लागत नाही. त्यानंतर ओट्याला हात टेकवून दोन्ही टाचा उचलायच्या, पुढे एकच टाच. दाराच्या चौकटीला धरून एका पायावर उभं राहायचं, मग हात सोडून. आधी घरातली फरशी, मग डांबरी रस्ता, मग कोरडं रान आणि सर्वांत शेवटी ओला बांध. हा क्रम मोडायचा नाही.

तात्या : आणि दुखलं तर?

ताई : थोडं दुखणारच. व्यायाम करताना ताण जाणवला आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पाय पहिल्यासारखा झाला, तर मात्रा बरोबर. दुसऱ्या सकाळी दुखणं आणि सूज आदल्या दिवसापेक्षा जास्त असेल, तर मात्रा कमी करायची, बंद नाही करायची. पण काही खुणांना थांबायचं नसतं, लगेच दवाखाना गाठायचा. पोटरी एकाएकी दुखून ताठली, गरम झाली किंवा धाप लागून छातीत दुखलं, तर रक्ताची गुठळी असू शकते. बोटं निळी, गार किंवा बधिर पडली, जखमेतून पाणी आलं, किंवा हात लावू देणार नाही इतकी आग होऊन कातडीचा रंग बदलला, तरीही वाट बघायची नाही.

तात्या : म्हणजे शेवटी गाठ फिजिओथेरपीशीच. इंदापूरहून बारामती पन्नास किलोमीटरच्या आसपास. कुबड्या घेऊन एसटीत चढायचं, बरोबर एक माणूस न्यायचा, त्याचा रोज बुडवायचा, तिथं शेक आणि करंटची मशीन लावून घ्यायची, असं महिनाभर. तुमचा सल्ला बागायतदाराला परवडेल, जिरायत माणसाला नाही.

ताई : इथं मी माझ्याच धंद्याच्या विरोधात जाणारा पुरावा तुमच्यासमोर ठेवते. ऑस्ट्रेलियात घोटा मोडलेल्या 214 जणांवर अभ्यास झाला, तो 2015 साली ‘जामा’ या नियतकालिकात आला. प्लॅस्टर निघाल्यावर एका गटाला फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायामाचा पूर्ण कार्यक्रम दिला, दुसऱ्याला फक्त एकदा नीट समजावून सल्ला दिला. एक, तीन आणि सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक दिसला नाही. साध्या, गुंतागुंत नसलेल्या फ्रॅक्चरला रोजच्या हेलपाट्यांची गरज नसते, असा याचा अर्थ. पण तो अभ्यास नीट वाचा. दुसऱ्या गटाला काहीच मिळालं नव्हतं असं नाही. प्रशिक्षित माणसानं समोर बसून काय करायचं, किती करायचं आणि कशाला भ्यायचं नाही, हे त्यांना सांगितलं होतं. आपल्याकडे गर्दीच्या ओपीडीत नेमकं तेच सुटतं. रुग्णाला ‘पाय हलवत राहा’ एवढं एक वाक्य मिळतं आणि तो घरी येऊन खाट धरतो. म्हणून मी मशीन मागत नाही, रोजचे हेलपाटे मागत नाही. रुग्णालयातून सुटी मिळते त्या दिवशी एक सविस्तर बोलणं आणि एक कागद मागते. वय झालेला, मधुमेहाचा, दोन-तीन ठिकाणी मोडलेला किंवा सांगूनही पुढे न सरकणारा रुग्ण असेल, तर त्याला देखरेख लागेल आणि ती मिळायलाच हवी.

तात्या : आता माझं शेवटचं आणि खरं दुखणं ऐका. दिवाळीच्या आगेमागे बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, सगळ्या कारखान्यांत त्यांच्याच कोयत्यावर गाळप चालतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडनं उचल घेतलेली. त्यातल्या एकाचा घोटा मोडला तर कोयताच मोडला. खाडा पडला की पैसे कापले जातात. तो माणूस खाटेवर बसत नाही, प्लॅस्टर ओलं करून तसाच फडात उतरतो. त्याला तुम्ही लवकर हला म्हणणार? तुमच्या सल्ल्याचा मुकादम काय अर्थ लावेल, सांगा बरं.

ताई : तात्या, या हरकतीपुढं माझं म्हणणं मला जास्त नेमकं करावं लागतं. ‘लवकर’ या एका शब्दात आपण तीन गोष्टी कोंबतो. घोटा हलवायला सुरुवात, पायावर भार द्यायला सुरुवात आणि मेहनतीच्या कामाला सुरुवात. या तीन तारखा वेगळ्या आहेत. पहिली लवकर यावी, दुसरी सर्जननं ठरवावी, तिसरी सर्वांत उशिरा यावी. घरी बसलेला शेतकरी तिसऱ्या तारखेच्या भीतीनं पहिलीही पुढे ढकलतो आणि सांधा आखडून बसतो. ऊसतोड मजूर पोटासाठी तिसरी तारीख पहिलीच्या जागी ओढतो आणि हाड सरकवून बसतो. दोघांचंही नुकसान तारखांच्या गल्लतीतून होतं. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढणं हे चालण्याच्या सरावात मोडत नाही, ते तिसऱ्या तारखेनंतरचं काम आहे. आणि ही तारीख पाळायला त्याच्या हातात पैसा हवा. बारामती एमआयडीसीतल्या ईएसआय असलेल्या कामगाराला कामावर झालेल्या दुखापतीत बरं होईपर्यंत मजुरीच्या 90 टक्के, तर आजारपणात वर्षात 91 दिवसांपर्यंत 70 टक्के रक्कम मिळते. शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे, पण ती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर. चार महिने काम बुडवणाऱ्या घोट्यासाठी तिच्यात जागा नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च भागू शकतो, पण नंतरचे महिने घराच्याच पदरात पडतात. ऊसतोड मजुराच्या बरं होण्याचा प्रश्न व्यायामाच्या आधी या महिन्यांच्या मजुरीचा आहे, हे मी मान्य करते.

तात्या : मग निदान एवढं धरून चालू. आषाढाच्या सुरुवातीला तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवडी, अंथुर्णे करत आमच्या निमगावात येते. दिवाळीत मोडलेला पाय तिच्याबरोबर इंदापूरपर्यंत चालेल का?

ताई : दिवाळी ते आषाढाची सुरुवात म्हणजे साधारण आठ महिने. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत वेगानं होते, नंतर हळूहळू होत राहते. तारखा पाळल्यात तर साध्या फ्रॅक्चरनंतर एक टप्पा चालायची आशा धरायला हरकत नाही, शेवटचा शब्द अर्थात तुमच्या डॉक्टरांचा. असं ठरवलेलं ठिकाण असलं की व्यायाम टिकतो. शेक घेऊन पडून राहिलात, तर मात्र पालखी दारातूनच बघावी लागेल.

इतक्या वादानंतर दोन्ही बाजूंचं काय उरतं, ते मांडतो. तात्यांची सावधगिरी हाडासाठी खरी आहे आणि तिला मुदत आहे. मुदत संपल्यावर तीच सावधगिरी सांध्याचं नुकसान करते. ताईंचा आग्रह सांध्यासाठी खरा आहे आणि त्यालाही अट आहे. ज्याच्या घरात चार महिने बिनकामाचे निघू शकत नाहीत, त्याला नुसता सल्ला देऊन तो पाळता येत नाही. म्हणून माझी मागणी दोन पायऱ्यांची आहे. बारामती आणि इंदापूरच्या सरकारी रुग्णालयांनी, आणि खासगी दवाखान्यांनीही, घोटा मोडलेल्या प्रत्येक रुग्णाच्या सुटीच्या कागदावर हालचाल, भार आणि काम या तीन तारखा मराठीत लिहून द्याव्यात. त्यांखाली चार व्यायामांची चित्रं आणि धोक्याच्या खुणा असाव्यात, आणि तो कागद रुग्णाला व घरच्या एका माणसाला समोर बसवून वाचून दाखवावा. ओपीडीत एवढा वेळ नसतो, ही अडचण खरी आहे. पण हे बोलणं सर्जननंच करायला हवं असं नाही. ते काम फिजिओथेरपिस्ट किंवा शिकवून तयार केलेली परिचारिकाही करू शकते. दुसरी पायरी साखर कारखान्यांची आणि सरकारची. त्या कागदावरची तिसरी तारीख येईपर्यंत ऊसतोड मजुराचा खाडा धरला जाऊ नये आणि त्याच्या बुडालेल्या मजुरीची काही भरपाई व्हावी. पहिल्या पायरीला पैसा जवळजवळ लागत नाही. दुसरीला लागेल. पण ज्या कोयत्याच्या जोरावर या दोन तालुक्यांतल्या कारखान्यांचं गाळप चालतं, त्या माणसाचा घोटा सांभाळण्याचा खर्च गाळपाच्या खर्चातच धरला गेला पाहिजे.